ट्रेकसाठी पहिला फोल्डिंग चाकू घेतोय. लायनर लॉक घेऊ की बॅक लॉक? आणि हे चाकूवाले लॉकवरून एकमेकांची एवढी का खेचतात?

बॅक लॉक घ्या. एवढंच लिहून थांबलो असतो, पण आमच्यातला फ्रेम लॉकवाला लगेच म्हणणार की आलं म्हातारं सल्ला द्यायला, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी खेचाखेचीचं. आमची चारपाच टाळकी आहेत, मुंबई-ठाण्यातली, आणि जमतो ते मुलुंडला एकाच्या घरी, कारण इराण्याकडे टेबलावर चाकू मांडून बसलो तर चहाच्या आधी पोलीस येतील. तिथे जे चालतं ते म्हणजे फुल्ल टाइमपास. एकाकडे क्रिस रीव्ह या कंपनीचा सेबेन्झा चाकू आहे, म्हणजे टायटॅनियमचा फ्रेम लॉक, त्या पैशात चालू स्थितीतली जुनी स्कूटर येईल आणि तो बाबा त्याने पेरू कापतो, तेसुद्धा आधी पेरू पुसून. त्याला रोज एकच प्रश्न, हप्ते फिटले का रे. तो मग आमच्या बक 110 (जाडजूड अमेरिकन बॅक लॉक चाकू) वाल्या काकांवर घसरतो की काका तुमचा चाकू खिशात ठेवला की पँट एका बाजूने खाली येते. काका शांतपणे म्हणतात, माझा 1964 चा नमुना आहे, तुझ्या लॉकचा शोध लागायच्या आधीपासून लोक याने हरणं सोलतायत. आणि हे सगळं चालू असताना त्या मुलुंडवाल्याची आई आत विळीवर आख्खा फणस कापून मोकळी होते आणि वर विचारते, तुमचं लॉकबिक झालं का रे, माझ्या विळीला पायच लॉक आहे.

पण या चिडवाचिडवीत खरी माहिती बरीच असते. कारण प्रत्येक लॉकची एक दुखरी नस असते आणि चिडवणारा बरोब्बर तीच दाबतो.

लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आत एक पातळ पत्रा असतो, स्प्रिंगसारखा आत वाकवलेला, पातं पूर्ण उघडलं की तो सरकून पात्याच्या बुडामागे येऊन अडतो. कल्पना जुनी आहे, 1906 चं पेटंट आहे, पण आज आपण वापरतो ते रूप मायकेल वॉकर या कारागिराने 1980 च्या सुमारास आणलं. हलका, स्वस्त, एका हाताने बंद होतो. दुखरी नस अशी की बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, पत्रा बाजूला ढकलायचा, पातं थोडं खाली घ्यायचं आणि अंगठा काढायचा. घरी सोप्प वाटतं. राजमाचीच्या वाटेवर पावसात हात सुन्न झालेले, घाई झालेली, तेव्हा तसं वाटत नाही. फ्रेम लॉक त्याचाच थोरला भाऊ, वेगळा पत्रा नाही, मुठीची एक बाजूच कापून तिला लॉक केलेलं. मूठ जितकी घट्ट धराल तितका लॉक आत दाबला जातो ही त्याची जमेची बाजू. पण टायटॅनियम स्टीलला चिकटतं, नवीन चाकूत तर लॉक असा रुतून बसतो की काढताना नख दुखतं, मग लोक लॉकच्या तोंडावर पेन्सिल घासतात. हो, साधी शाळेची पेन्सिल, ग्रॅफाइटने चिकटणं कमी होतं. चाळीस हजाराच्या चाकूला नटराजची पेन्सिल लागते, यावरून आमच्याकडे काय काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅक लॉकमधे मुठीच्या पाठीवर एक लांब दांडा असतो, मधे खिळ्यावर झुलणारा, त्याच्या टोकाचा आकडा पात्याच्या खाचेत बसतो. मागून अंगठ्याने दाबला की सुटतो. बोटं नीट ठेवली तर पात्याच्या वाटेत काहीच येत नाही, आणि लॉक बसला की नाही ते डोळ्याला दिसतं, दांडा मुठीला सपाट झाला की झालं. तोटा, बंद करायला बहुतेकांना दोन हात लागतात आणि खाचेत कचरा अडकला तर आकडा पूर्ण बसत नाही. तर ट्रेकवरून आल्यावर टूथपिकने ती खाच साफ करायची, एवढी एक सवय लावा.

बेंचमेड या अमेरिकन कंपनीचा अ‍ॅक्सिस लॉक (1998 चा) आडव्या पिनेवर चालतो, दोन बाजूंना दोन बारीक स्प्रिंगा, दोन्ही हातांनी सारखाच वापरता येतो आणि बोटं पात्यापासून लांब. आता इतर कंपन्याही क्रॉसबार लॉक म्हणून तसलाच देतात. छान आहे, फक्त त्या स्प्रिंगा केसासारख्या असतात आणि कधीतरी तुटतात, एक तुटली तरी काम भागतं. बजेट असेल तर मीही हाच घेईन, पण हे काकांना सांगू नका.

ओपिनेल या फ्रेंच चाकूचं मात्र वेगळंच. लाकडी मूठ, तोंडाशी पत्र्याची गोल कडी, फिरवली की लॉक, 1955 पासून तेच. इतकं साधं की त्यात बिघडायला काही नाही. पण मुंबईचा जुलै त्याला सोसत नाही, लाकूड फुगतं आणि पातं असं आवळतं की नखाने ओढून निघत नाही. फ्रान्समधे त्यावर उपाय म्हणजे मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. कार्बन स्टीलवालं घेतलंत तर गंज वेगळा, स्टेनलेसच घ्या.

आणि ते पात्याची पाठ लाकडावर आपटून लॉक तपासणारे, वजनं टांगलेले व्हिडिओ वगैरे, त्यात फार अडकू नका. काकांचं म्हणणं मला पटतं, की पाठीने कापतं कोण. लॉक हा सीटबेल्ट आहे, आपटून बघायला नाही दिलेला. तुम्ही टोमॅटो, दोरी, मॅगीची पाकिटं कापणार, त्यात कुठलाही धड बनवलेला लॉक टिकतो. बघायचं ते हे की बंद करताना तुमची बोटं कुठे असतात. ऑनलाइन मागवण्याआधी नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला एखाद्या दुकानात दोनतीन प्रकार हातात घेऊन उघडबंद करून बघा, आणि तेही ओल्या हाताने जमतंय का ते बघा, दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

कायद्याचं, कारण विचाराल. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे 9 इंचाहून लांब किंवा 2 इंचाहून रुंद पात्याची हत्यारं परवान्यात येतात, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. तुमचा ट्रेकचा चाकू साधारण 3 इंची असेल, त्यात बसत नाही. पण मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली अधूनमधून मनाई आदेश काढतात, त्यात चाकूही असतो, आणि मेट्रोच्या चेकिंगला तर तो सरळ अडकतोच. म्हणून रोज खिशात क्लिप लावून फिरायचं नाही, ट्रेकच्या दिवशी सॅकच्या तळाशी, डब्याजवळ. लोकलमधे सफरचंद कापायला काढलात तर समोरच्याला तो रामपुरीच दिसणार, तुम्ही कितीही समजावा.

डावखुरे असाल तर लायनर आणि फ्रेम लॉक दोन्ही विसरा, ते बहुतेक उजव्या अंगठ्यासाठीच बनतात. बॅक लॉकला डावं-उजवं काही नसतं.