निशिगंधाला नुसती पातच येते

प्रश्न: कुंपणालगत 4 वर्षांपूर्वी निशिगंध लावला. आता पात दाट आहे, पण फुलांचे दांडे येत नाहीत. काय करावे?

उत्तर: गर्दी झाली आहे. एक कंद एकदाच फुलतो. त्याच्या भोवती पिल्ले धरतात आणि जागा न मिळाल्याने ती बारीकच राहतात. पाणी तोडा, पात पिवळी पडू द्या, मग कंद खणून सावलीत महिनाभर सुकवा. ही विश्रांती टाळू नका. एप्रिल-मेमध्ये 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचे कंद निवडून 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 20 सेंटिमीटर अंतरावर लावा. बारीक कंद वेगळ्या वाफ्यात वाढवा, ते पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाहीत.

ऊन किमान 6 तास हवे. कुंपणाची सावली पडत असेल तर जागाच बदला. युरिया नकोच, त्याने पात माजते. शेणखत पूर्ण कुजलेले घाला. जमीन भारी असेल तर गादीवाफा (उंच केलेला वाफा) करा, कारण पावसाळ्यात पाणी साचले की कंद सडतात. दांडा मीटरभर वाढतो, वाऱ्याने कलतो; बारीक कामटीचा आधार द्या. वासासाठी एकेरी (पाकळ्यांची एकच रांग असलेली) जातच लावा, दुहेरीला सुगंध कमी.