वाचकांचे प्रश्न : वळिवड्याची छावणी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलिश निर्वासित राहत होते. सायबेरियात एवढं भोगून आलेली ही माणसं पुन्हा उभी कशी राहिली?

उत्तर : हळूहळू, आणि सगळी नाही. फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेली. जुलै १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली आणि १९४२ मध्ये ती कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथे अन्न मिळूनही अनेक जण दगावले. उवांमुळे पसरणारा टायफस ताप, हगवण होतीच. शिवाय महिनोन्महिने उपाशी शरीराला तेलकट मटण झेपलं नाही. अशा माणसाने एकदम पोटभर खाल्लं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. त्याला थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं.

१९४३ पासून वळिवड्यात सुमारे ५००० जण आले. बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष सैन्यात होते. बराकी लांबलचक, तरी प्रत्येक कुटुंबाला आपली खोली आणि आपली चूल मिळाली. आमच्या मते याचं मोल फार. तीन वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर जगलेल्या बाईला आज काय शिजवायचं ते स्वतः ठरवता आलं! शाळा पोलिश भाषेत, मुलांची बुडालेली वर्षं भरून काढायला. चर्च, दवाखाना, स्काउट, नाटकं, सगळं त्यांनीच चालवलं. १९४५ मध्ये मात्र पूर्व पोलंडमधली त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. परतायला घर उरलं नाही. १९४८ मध्ये छावणी मोडली, तेव्हा पुष्कळ जण इंग्लंडला गेले.

प्रश्न : छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं. सासूबाई लहानपणी तिथेच आल्या. जुनं काही सांगत नाहीत. बोलतं करावं का?

उत्तर : मागे लागू नका, जबरदस्तीने उकरलं तर त्रास वाढू शकतो. ‘काय झालं?’ऐवजी सिंधमधल्या घराचं दार, स्वयंपाक, सण यांबद्दल विचारा. दिवसाउजेडी, अर्धा तास पुरे, झोपेआधी नको. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. बोलता बोलता त्या गप्प झाल्या, थरथरल्या, तर विषय तिथेच सोडा, पाणी द्या, शेजारी बसा. दुःस्वप्नं किंवा झोपमोड महिनाभर टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.