बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या घरातल्या हीटिंगच्या प्रत्येक झोनला (स्वतंत्र थर्मोस्टॅट असलेल्या भागाला) मोटराइज्ड व्हॉल्व्हऐवजी (मोटरने उघड-बंद होणाऱ्या झडपेऐवजी) वेगळा पंप लावला तर चालेल का?

हो, चालतं, फक्त प्रत्येक पंपाच्या लाइनवर स्प्रिंगवाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच. पंप बंद केला म्हणून पाणी अडत नाही, त्याच्या पोटातून ते आरामात जातं. खालच्या मजल्याचा पंप सुरू झाला की वरच्या सर्किटमधून पाणी उलटं फिरायला लागतं आणि तिथला थर्मोस्टॅट बंद असूनही रेडिएटर कोमट लागतात. शिवाय गरम पाणी हलकं, ते पंपाशिवायही वर चढतं. साध्या, बिनस्प्रिंगच्या झडपेला ते दाद देत नाही, म्हणून स्प्रिंग.

वायरिंगही बदलतं. मोटराइज्ड व्हॉल्व्ह उघडला की त्याच्यातला छोटा स्विच बॉयलरला चालू व्हायचा इशारा देतो. साध्या पंपात असा स्विच नसतो, त्यामुळे प्रत्येक झोनला रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लागेल. बॉयलरमध्ये आधीच पंप असेल, तर मध्ये लो-लॉस हेडर (बॉयलरचा आणि झोनचा प्रवाह एकमेकांपासून मोकळा ठेवणारा जाड पाइप) घाला, नाहीतर पंपांची आपसात ओढाताण होते.

खरा फायदा म्हणजे प्रत्येक सर्किटला हवा तेवढा प्रवाह मिळतो (अंडरफ्लोअर, म्हणजे फरशीखालचं हीटिंग असेल तर हे फार उपयोगी), आणि एक पंप गेला तरी बाकीचं घर गरम राहतं. वीजबचतीसाठी करत असाल तर मात्र नको.

एक अपवाद: ब्रिटनमधल्या अनव्हेंटेड सिलिंडरला (थेट नळाच्या दाबावर चालणाऱ्या गरम पाण्याच्या बंद टाकीला) पाणी जास्त तापल्यावर बॉयलरकडून येणारा प्रवाह तोडणारा मोटराइज्ड व्हॉल्व्ह लागतोच. तिथे पंप असला तरी तो व्हॉल्व्ह काढू नका.