उजवा मेंदू विसर, फेरीबोट पकड

एकांकिका सुचत नाही म्हणून ‘उजवा मेंदू जागवा’ छापाच्या शिबिराला पैसे भरू नकोस. कल्पकता काही एकट्या उजव्या बाजूला राहत नाही, पणजीभर तसे फलक लागले तरी.

हातचं काम सुटून मन भटकायला लागलं की मेंदूतल्या काही भागांचं एक जाळं जास्त सक्रिय होतं. २००१ साली मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रायकल यांच्या गटाने त्या अवस्थेला ‘डीफॉल्ट मोड’ म्हटलं. आठवणी उकरणं, भलत्याला भलतं जोडणं हे त्याचं काम. त्यातलं टाकाऊ काय, हे मात्र लक्षावर ताबा ठेवणारं दुसरं जाळं बघतं. एरवी एक चढलं की दुसरं उतरतं. नवं सुचताना दोन्ही हातात हात घालतात.

म्हणून आधी विषयात डोकं खुपसून बस, पार वैताग येईपर्यंत. मग ऊठ. पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा, मोबाइल खिशातच ठेव, उतरून चालत सूट. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४च्या प्रयोगांत चालताना लोकांना साध्या वस्तूंचे नवे उपयोग जास्त सुचले. एकच अचूक उत्तर हवं असलेल्या कोड्यांत मात्र चालण्याचा फायदा झाला नाही. तेव्हा संवादांची काटछाट टेबलाशी बसूनच कर. आणि छोटी वही जवळ असू दे. बोट धक्क्याला लागेपर्यंत निम्मं विसरायला होतं.