खातं मायनसमध्ये कसं गेलं?

प्रश्न : मुलाचं पुण्यातल्या नोकरीचं पगार खातं होतं. मार्च 2023 मध्ये त्याने नोकरी सोडली. खात्यात 2,340 रुपये राहिले होते, नंतर कुणी हात लावला नाही. परवा खातं बंद करायला गेलो, तर शिल्लक उणे 1,652! काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'आधी हे भरा, मग बंद करू.' भरावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, एक रुपयाही भरू नका. आधी मार्च 2023 पासूनचा खातेउतारा मागा आणि पेन घेऊन बसा. पगार थांबला की अशी खाती साधारणपणे साध्या बचत खात्यात जातात आणि किमान शिल्लक ठेवायची अट मागच्या दाराने येते. त्या दंडाच्या नोंदींवर गोल करा. डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे वेगळे काढा. पुढचे नियम त्यांना लागू नाहीत.

रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे : निव्वळ किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या दंडाने बचत खातं उणे होता कामा नये. दंडाआधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, आणि दंड जेवढी तूट त्या प्रमाणातच. (कळवलेलं असेलही, पण कंपनीने दिलेल्या जुन्या सिमवर! तो नंबर अजून खात्याला जोडलेला आहे का, बघा.) शिवाय ग्राहकाने दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेला दंड हा व्यवहार धरत नाहीत. निष्क्रिय खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, म्हणजे इथे मार्च 2025 नंतर तो लावताच येत नाही.

मी एकतीस वर्षं त्याच काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. हा दंड सिस्टीम आपोआप कापते. त्या मुलीशी वाद घालून उपयोग नाही. शाखाधिकाऱ्याच्या नावाने अर्ज द्या. खातं मुलाचं, तेव्हा सही त्याचीच. 'दंड माफ करावा' असली विनवणी नको. 'नियमबाह्य कापलेली रक्कम परत जमा करून खातं बंद करावं' असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. तिथे हीच शिक्क्याची प्रत जोडायची आहे.