डॅकवाला अँप्लिफायर: वस्तू हौसेची, पैसे कुठले?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, सांगली. हातात पगार १,१०,००० रुपये, घरकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ७८,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी एफडीत १,८०,०००. मुलगी अकरावीत. वडिलांच्या रेकॉर्ड, टर्नटेबल, स्पीकर आणि जुना अँप्लिफायर घरात आहे, पण आवाजाचा नॉब फिरवला की खरखरतो. दुकानदाराने १०० वॉटचा, आत डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग आवाज करणारी चिप) आणि स्ट्रीमिंग असलेला इंटिग्रेटेड अँप्लिफायर दाखवलाय, किंमत ९६,०००. त्यासाठी एसआयपी सहा-सात महिने थांबवू, की १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ? भाचा न्यू जर्सीहून आणून द्यायला तयार आहे.

नमस्कार. अँप्लिफायर घ्यायला माझी हरकत नाही. पैसे उभे करायचे तुमचे दोन्ही मार्ग मात्र मला पटले नाहीत.

आधी एसआयपी. इथे आम्ही सल्लागार एक ठरलेला हिशेब तोंडावर फेकतो: ९६,००० रुपये १२ टक्क्यांनी १५ वर्षं वाढले तर सव्वापाच लाख होतात, आणि तुम्ही ते स्पीकरमधून उडवताय! या हिशेबात लबाडी आहे. १२ टक्के कोणी लिहून दिलेले नाहीत, आणि ६ टक्के महागाई धरली तर त्या सव्वापाच लाखांची आजची किंमत २ लाख २० हजारांच्या आसपास उतरते. माझी अडचण साधी आहे. मुलीची ॲडमिशन दोन वर्षांवर आलीय आणि एकदा थांबवलेली एसआयपी लोक वेळेवर पुन्हा सुरू करत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांत हे मी इतक्यांदा पाहिलंय, की ‘फक्त सहा महिने’ म्हटलं की मी डायरीत तारीख लिहून ठेवतो.

आता नो-कॉस्ट ईएमआय. महिन्याला ८,००० म्हणजे बरोबर ९६,००० झाले, मग व्याज गेलं कुठे? ते किमतीतच असतं. बँकेचा दर १५ टक्के धरला तर तुमच्या नावावर कर्ज साधारण ८८,६०० चं पडतं आणि उरलेले ७,४०० च्या आसपास व्याज असतं. तेवढी सूट विक्रेत्याने दिलेली असते. कार्डावरच्या या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, म्हणजे अंदाजे १,३००, शिवाय प्रोसेसिंग फी. आणि रोख देणाऱ्याला दुकानदार जे सोडतो, त्यावर पाणी. एकदा त्याला सरळ विचारा, ‘आज पूर्ण पैसे दिले तर कितीला?’

खरी गंमत त्या ९६ हजारांत काय काय आहे त्यात आहे. अशा डब्यात दोन यंत्रं एकत्र राहतात. एक ॲनालॉग: ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, आउटपुट ट्रान्झिस्टर. नीट हवा मिळाली तर हे २० वर्षं सहज चालतं. वडिलांचा अँप्लिफायर त्याचाच पुरावा. दुसरं डिजिटल. त्यातही डॅक बिचारा निरुपद्रवी. सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झची, ती नीट वाचणारी चिप आज साध्या उपकरणातही असते आणि डिजिटल आवाज आत आणणारी ऑप्टिकल वायर उद्याही चालेल. लवकर म्हातारं होतं ते स्ट्रीमिंग, कारण ते कंपनीच्या ॲपवर आणि अपडेटवर जगतं. मी स्वतः हौसेने घेतलेला एक नेटवर्क प्लेअर ॲप बंद पडल्यावर कपाटावर धूळ खातोय. तेव्हा स्ट्रीमिंग फोनवर किंवा स्वस्तातल्या वेगळ्या डबीवर राहू द्या. जुनी झाली की डबी बदलता येते.

दुसरे जास्तीचे पैसे वॉटचे. वॉट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला ‘जरा मोठं’ एवढीच. साध्या दिवाणखान्यात, शेजारी भिंतीला लागून, रात्री साडेनऊला विलंबित ख्याल ऐकायला किती वॉट लागतात? एरवी दोन-चार. ४५-६० वॉटचा अँप्लिफायर तुम्हाला भरपूर झाला. डेनॉनचा पीएमए-६००एनई किंवा यामाहाचा ए-एस३०१ याच वर्गातले. दोन्हींत ऑप्टिकल इनपुट आहे, म्हणजे डॅक आत आहेच, आणि टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवून घेणारं फोनो इनपुटही आहे. रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर फोनो विसरून चालणार नाही. नाहीतर प्रीअँपचा खर्च वेगळा.

भाच्याचे आभार माना आणि नको म्हणा. अमेरिकेतला माल १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. वर जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर, कस्टम्सची कटकट, आणि बिघडल्यावर इथे वॉरंटी बहुधा नाहीच.

मी तुमची मर्यादा ५६,००० वर बांधतो. खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला १७,००० उरतात. त्यातल्या ८,००० ची सात महिन्यांची आरडी सुरू करा, तिचे ५६,००० होतील, वर थोडं व्याज. उरलेले ९,००० दरमहा अडीअडचणीच्या पैशात टाका. आज ते १,८०,००० जेमतेम सव्वादोन महिन्यांच्या खर्चाचे आहेत; सात महिन्यांनी २,४३,००० होतील, म्हणजे तीन महिन्यांच्या थोडे वर. मला सहा महिने हवे होते, पण घरकर्ज चालू असताना हेही चालेल. एफडी अजिबात मोडू नका.

आणि आरडी भरत असताना जुना अँप्लिफायर एखाद्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे न्या. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर बहुतेक पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागात, धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून काही शे रुपयांत सुटते. नॉबला हात न लावताही घुं आवाज येत असेल तर कपॅसिटर गेले असतील, तेही बदलता येतात. तो सुधारला, तर तुम्हाला हवा फक्त वेगळा डॅक. आठ-दहा हजारांत चांगला मिळतो. मग आरडी मुलीच्या ॲडमिशनकडे वळवायची की नव्या स्पीकरकडे, ते घरात ठरवा. माझं मत विचाराल तर ॲडमिशन.

टीव्ही ऑप्टिकलने जोडाल तेव्हा त्याच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा स्टिरिओ डिजिटल सिग्नल) ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साध्या स्टिरिओ अँप्लिफायरमधून आवाजच येणार नाही, आणि तुम्ही दुकानदाराला फोन लावाल.