हार्वेस्टचा लिलाव आणि कबुतरं

प्रश्न: सलाम ताई. आमच्या चर्चमधे हार्वेस्टला, म्हणजे पिकाच्या सणाला, लोकं ज्वारी, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासना संपली रे संपली की तिथेच वेदीपुढे लिलाव सुरू. यंदा एका कोंबड्यावरून दोघांची अशी काही चढाओढ लागली की शिट्ट्या वाजल्या, एकजण तर व्हिडिओ कॉलवर भावाला विचारून बोली लावत होता. माझ्या सासूबाईंनी डझनभर अंडी आणलेली, ती शेवटपर्यंत टोपलीतच राहिली. येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकललं होतं ना, मग आपल्याकडे हे चालतं कसं? – एक वाचक, नगर जिल्हा

उत्तर: सासूबाईंच्या अंड्यांपासूनच सुरू करते, मला तर मुद्दा तिथेच दिसतो. येशूला विक्रीचाच राग आला असं आपण धरून चालतो, पण यरुशलेमला लांबून आलेला माणूस अर्पणाचं जनावर चालवत कुठून आणणार, तो तिथेच विकत घ्यायचा, आणि मंदिराचा कर ठरावीक चांदीच्या नाण्यातच भरायचा म्हणून नाणी बदलून देणारे सराफ बसलेले, म्हणजे मुळात ती सोयच होती की. आता बायबलमधलं मार्क 11 काढा. सराफांच्या चौरंगांबरोबर कबुतरं विकणाऱ्यांच्या बैठकाही त्याने उलथल्या. कबुतर म्हणजे गरिबाचं अर्पण, लेवीय 12:8 मधे आहे बघा, जिला कोकरू परवडत नाही तिने दोन पारवे नाहीतर कबुतरं आणावीत, आणि लूक 2:24 प्रमाणे मरिया-योसेफनेही बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा हेच केलं. त्याच्या घरचीच माणसं कबुतरवाल्यांची गिऱ्हाइकं! वर तो जे 'लुटारूंची गुहा' म्हणाला ते शब्द यिर्मया 7 मधले, आणि तिथे परदेशी, अनाथ, विधवा यांना नाडून पुन्हा मंदिरात येऊन उभं राहणाऱ्यांना झापलंय.

त्यामुळे लिलावाला मी पाप म्हणणार नाही, पैसा मंडळीच्याच कामाला लागतो. पण मोठी बोलीवाला पुढच्या खुर्चीत आणि म्हातारी मागच्या बाकावर, हे याकोब 2 मधे जसंच्या तसं आहे, सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला तिकडे उभा राहा. वाचलं की आपलीच मंडळी डोळ्यासमोर येते (माझी तरी येते).

शिट्ट्या आणि व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर मार्क 11:16 सहसा कोणी वाचत नाही, मंदिरातून कोणाला सामानसुमान नेऊ दिलं नाही म्हणे, देवाचं घर म्हणजे काय जायचा-यायचा रस्ता आहे का! पाळकसाहेबांना एकदा निवांत भेटून सांगा, लिलाव बाहेर मांडवात घ्या, कोंबडाही तिथे मोकळेपणाने ओरडेल. आणि पुढच्या वर्षी पहिली बोली अंड्यांवर, हवं तर तुम्हीच लावा.